सोऱ्यातून करंजी

दिवाळी अंकात रणगाड्यांवर लेख म्हणजे फराळाच्या ताटात लोखंडाचा खिळा, असे काही वाचकांना वाटेल. वाटो. हा अंक आज ज्या घरांत चकलीच्या डब्याशेजारी पडलेला असेल, त्यांतल्या कित्येक घरांचा एखादा मुलगा, भाचा किंवा जावई या घटकेला राजस्थानच्या वाळूत किंवा लडाखच्या थंडीत कोणत्या ना कोणत्या चिलखती गाडीच्या पोटात बसलेला आहे. ती गाडी कशी असावी हे ठरवण्याची एक रीत गेली पंचवीस वर्षे जगभर मोठ्या दिमाखाने मिरवत आली आहे. ती रीत खर्चिक आहे, फसवी आहे आणि तिची किंमत शेवटी गाडीत बसणारा भरतो, असे माझे मत आहे. आणि ते सणाच्या दिवशीही सांगावे इतके मला निकडीचे वाटते.

रीत अशी. आधी कागदावर एक सांगाडा कल्पायचा. सांगाडा म्हणजे खालची पोलादी पेटी, तिच्यातले इंजिन, गिअर, चाके किंवा पट्टे. मग ठरवायचे की याच सांगाड्यावर रणगाडा होईल, यावरच तोफ बसेल, यातूनच शिपाई नेता येतील, जखमी आणता येतील, ओढ्यावर पूल टाकता येईल. साऱ्या भावंडांच्या पत्रिका एकाच बैठकीत मांडायच्या, पहिले मूल जन्माला येण्याच्या आधीच. लष्करी बोलीत याला 'कॉमन प्लॅटफॉर्म' म्हणतात. मी सामाईक सांगाडा म्हणेन.

आपल्याकडच्या गृहिणीला ही कल्पना कोणी शिकवायला नको. तिच्या घरी सोऱ्या आहे. पितळी नळी तीच, दट्ट्या तोच. खालची चकती बदलली की शेव बारीक पडते, जाड पडते, चांदणीची चकती लावली की चकली पडते. पण या यंत्राची हद्दही तिला ठाऊक असते. चकलीला भाजणी लागते, शेवेला बेसन लागते, आणि "सोऱ्यातून करंजी काढून दाखव" असे अजून कोणत्याही खाष्ट सासूने सुनेला सांगितल्याचे मी ऐकलेले नाही. सेनापतींनी आणि कारखानदारांनी मात्र हे एकमेकांना वारंवार सांगितले आहे, आणि त्यासाठी करदात्यांचे अब्जावधी खर्च केले आहेत.

"मास्तर, तुम्ही मॅट्रिक झालेले गृहस्थ. मराठी शिकवा, कादंबऱ्या लिहा. रणगाड्यांशी तुमचा काय संबंध?" असे मला एका परिचितांनी विचारले. संबंध असा की मी नगर जिल्ह्यात राहतो, ज्याला आता अहिल्यानगर म्हणायचे. चिलखती दलाचे शिक्षणकेंद्र इथे आहे, लष्करी वाहनांची संशोधनसंस्था इथे आहे, के. के. रेंजवर तोफा सुटल्या की आमच्या बाजूला ते कानांना कळते. दर वर्षी मी वर्गातली मुले रणगाडा संग्रहालयात नेतो. तिथे सेंच्युरियन आहे, विजयंता आहे, पाकिस्तानकडून हिसकावलेला पॅटन आहे. मुले पॅटनच्या नळीकडे पाहतात, मी दर वेळी त्यांना गाडीच्या मागे नेऊन विचारतो, "यात इंजिन कुठे असेल? आणि आग लागली तर माणूस कुठून बाहेर पडेल?" या दोन प्रश्नांपलीकडे या विषयात फारसे काही नाही, हे मी पुढे दाखवणार आहे. त्यासाठी मॅट्रिक पुरते.

२०१५ च्या जून महिन्यात आपल्या भूदलाने एक पत्रक काढले. भविष्यातला लढाऊ रणगाडा कसा असावा याची माहिती देशी-विदेशी कारखानदारांकडून मागवली. रणगाडा हवा होता, हे योग्यच. टी-७२ म्हातारे होत चालले होते. पण त्या पत्रकात रणगाडा एकटा नव्हता. त्याच सांगाड्यातून अकरा प्रकार निघावेत अशी अपेक्षा होती. मध्यम वजनाचा रणगाडा, हलका रणगाडा, चाकांवर चालणारी आवृत्ती, पूल टाकणारी गाडी, सुरुंग दूर करणारी गाडी, रुतलेले रणगाडे ओढून काढणारी गाडी, तोफ, विमानविरोधी तोफेची किंवा क्षेपणास्त्राची गाडी, तोफखान्याच्या निरीक्षकाची गाडी, इंजिनिअरांच्या टेहळणीची गाडी आणि रुग्णवाहिका. पट्ट्यांवर धावणारा मध्यम रणगाडा आणि चाकांवर धावणारी गाडी ही एकाच सांगाड्याची मुले! करंजी म्हणतात ती हीच.

पुढे २०१७ मध्ये दुसरे पत्रक निघाले, २०२१ मध्ये तिसरे. त्यात १,७७० रणगाड्यांचा आकडा होता. २०२४ च्या सप्टेंबरात संरक्षण खरेदी परिषदेने गरजेला मान्यता दिली. गरजेला, गाडीला नव्हे. पहिल्या पत्रकापासून "होय, आम्हांला रणगाडा हवा आहे" हे अधिकृतपणे म्हणण्यात नऊ वर्षे गेली. माझ्या शाळेत पहिलीत आलेले मूल तेवढ्या काळात नववी पार करते.

आता सामाईक सांगाड्यात फायदा नाही असे म्हणणे हा आडमुठेपणा होईल, आणि तो मी करणार नाही. आमच्या भागात ट्रॅक्स गाडी सगळ्यांच्या ओळखीची आहे. तोच सांगाडा वऱ्हाड नेतो, तोच रुग्णवाहिका होतो, तोच सकाळी शाळेची मुले भरून आणतो. गावातल्या मिस्त्रीला एक गाडी उघडता आली की सगळ्या उघडता येतात. त्याच्या फळीवरचा एकच फिल्टर सगळ्यांना बसतो. लष्करात हा फायदा शंभरपट. वाळवंटात पुढे गेलेल्या पलटणीमागे पाच जातींच्या गाड्यांचे पाच जातींचे सुटे भाग वाहून नेणे ही काय विटंबना असते, हे त्या साठ्याच्या सुभेदाराला विचारा.

असे कुटुंब खरोखर नांदल्याची उदाहरणेही आहेत. ब्रिटिशांनी १९७० च्या दशकाच्या प्रारंभी एक हलकी चिलखती गाडी काढली. अ‍ॅल्युमिनियमचे चिलखत, जग्वार मोटारीचे इंजिन, वजन सुमारे आठ टन. तिच्यापासून सात गाड्या झाल्या आणि साऱ्यांची नावे त्यांनी हौसेने एकाच अक्षरावर ठेवली : स्कॉर्पियन, सिमिटर, स्पार्टन, स्ट्रायकर, सुलतान, समॅरिटन, सॅमसन. टेहळणी, शिपायांची ने-आण, रणगाडाविरोधी क्षेपणास्त्रे, अधिकाऱ्याचे फिरते कार्यालय, रुग्णवाहिका, ओढगाडी. १९८२ च्या फॉकलंडच्या लढाईत, जिथे जड गाडी दलदलीत बसली असती, तिथे या चालल्या. हे कुटुंब का टिकले? कारण सातही भावंडांचे मागणे एकच होते : हलके असू दे, चपळ असू दे. कोणीही मधूनच उठून "मला पन्नास टनांचे चिलखत हवे" असे म्हणाले नाही. आणि इंजिन पुढे, ड्रायव्हरच्या शेजारी होते, म्हणून मागची बाजू मोकळी होती.

इंजिन पुढे की मागे? वाचकहो, थोडा धीर धरून हा एवढा भाग वाचा. सारी मेख इथेच आहे.

रणगाड्याचे काम तोफ घेऊन शत्रूला सामोरे जाण्याचे. त्याचे जाड चिलखत पुढे, तोफेचा फिरता बुरूज मध्ये, आणि इंजिन मागे सुरक्षित. सेंच्युरियन असाच होता, विजयंता असाच, टी-७२ असाच. शिपाई वाहून नेणाऱ्या गाडीचे काम उलटे. ती गोळीबारात थांबते आणि तिच्या पोटातून सात-आठ माणसे क्षणात बाहेर पडावी लागतात. समोरून पडली तर मरतील, वरून चढून बाहेर आली तरी मरतील. म्हणून दार मागे हवे. आणि दार मागे हवे तर इंजिन पुढे हवे. रुग्णवाहिकेचेही तेच. स्ट्रेचर इंजिनावरून उचलून आत टाकता येत नाही. म्हणजे रणगाडा आणि रुग्णवाहिका यांची तोंडे जन्मतःच विरुद्ध दिशांना आहेत.

इस्रायलने यावर दोन उत्तरे काढली आणि दोन्ही उद्बोधक आहेत. अरब सैन्यांकडून हाती लागलेल्या जुन्या रशियन टी-५४, टी-५५ रणगाड्यांचे त्यांनी बुरूज उतरवले, मागचे इंजिन बदलून ते बाजूला सारले आणि त्याच्या शेजारून एक अरुंद बोळ काढला. शिपाई त्या बोळातून मागे उतरतात. ही 'अख्झारित'. दुसरे उत्तर मेरकाव्हा. या रणगाड्याचे इंजिनच पुढे आहे, कारण त्याच्या जनकांना आतल्या माणसांसमोर आणखी एक लोखंडी अडसर हवा होता. १९७९ मध्ये तो सैन्यात आला. २००४ च्या मे महिन्यात गाझात दोन दिवसांत दोन जुन्या एम-११३ गाड्या उडाल्या आणि त्यांतले अकरा सैनिक मेले. त्यानंतर मेरकाव्हाच्या सांगाड्यावरून शिपायांची जड गाडी आली, तिचे नाव नामेर. मागे दार होतेच, इंजिन पुढे होतेच, गाडी जमली. पण लक्षात घ्या : मेरकाव्हा आला तेव्हा कोणी नामेर कल्पून अकरा कलमांचे पत्रक काढले नव्हते. रणगाडा पंचवीस वर्षे चालला, लढला, त्याच्या खोडी कळल्या, आणि मग त्याच्या पोटी दुसरे मूल आले. आणि नामेर महाग पडली, म्हणून २०१४ मध्येही इस्रायली शिपाई एम-११३ मध्ये बसून गाझात जात होते आणि त्या वर्षीच्या जुलैत एकाच गाडीत सात जण गेले. हेही सांगितले पाहिजे, नाहीतर माझा युक्तिवाद लबाडीचा होईल.

दुसरी अडचण वजनाची. दिवाळीत एका ताग्यातून सगळ्या भावंडांचे सदरे शिवण्याची रीत आमच्या लहानपणी होती. ताग्यात काटकसर होती; पण शिंप्याने माप प्रत्येकाचे वेगळे घेतले. सामाईक सांगाड्याच्या शिंप्याला ती मुभा नसते. त्याला घरातल्या सर्वांत लठ्ठ मामाच्या मापाने सगळ्यांचे शिवावे लागते. रणगाड्याचे वजन पेलेल असे स्प्रिंग, असे गिअर, असे इंजिन निरीक्षकाच्या गाडीलाही लावायचे; ती उगाच जड होते, उगाच तेल पिते आणि उगाच महाग पडते. किंवा मग उलट करायचे : हलक्याच्या मापाने बेतायचे आणि जडाला उघडे पाडायचे.

अमेरिकेने हे दुसरे करून पाहिले. या शतकाच्या आरंभी त्यांच्या भूदलाने एक प्रचंड योजना आखली, तिचे नाव 'फ्यूचर कॉम्बॅट सिस्टिम्स'. बोईंग आणि एस.ए.आय.सी. या कंपन्यांकडे सूत्रे. एका सामाईक सांगाड्यावर आठ गाड्या : रणगाड्याची जागा घेणारी, शिपायांची, लांबवर मारा करणारी तोफ, उखळी तोफ, टेहळणीची, हुकूम सोडणाऱ्या अधिकाऱ्यांची, दुरुस्तीची आणि वैद्यकीय. आणि अट काय, तर गाडी सी-१३० या मालवाहू विमानात मावली पाहिजे. सी-१३० मध्ये मावायचे म्हणजे वीस टनांच्या आत. मग चिलखताचे काय? उत्तर होते, चिलखत पातळ चालेल, कारण बिनतारी यंत्रे आणि संगणक यांच्या जोरावर शत्रू आम्हांला आधी दिसेल आणि आम्ही त्याला आधी मारू.

मग इराकमध्ये रस्त्याच्या कडेला पुरलेले बॉम्ब फुटू लागले. ते संगणकाला आधी दिसत नव्हते. गाडीला चिलखत चढू लागले, वीस टनांचे पंचवीसच्या पुढे गेले, विमानाची अट सैल झाली, आणि अट सैल झाल्यावर ज्या अटीसाठी हा सारा सांगाडा असा बेतला होता ती अटच उरली नाही. २००९ च्या एप्रिलमध्ये संरक्षणमंत्री रॉबर्ट गेट्स यांनी गाड्यांचा भाग रद्द केल्याचे जाहीर केले. इराक आणि अफगाणिस्तानातले धडे या गाड्यांत उतरले नाहीत, हे त्यांचे मुख्य कारण. तोवर संपूर्ण योजनेवर सुमारे १८ अब्ज डॉलर खर्च झाले होते. आठांपैकी एकही गाडी पलटणीत पोचली नाही.

ब्रिटिशांची कथा याहून मासलेवाईक आहे. स्कॉर्पियन-समॅरिटनचे ते गुणी कुटुंब ज्यांनी जन्माला घातले, त्यांनाच पुढे हा मोह पडला. जर्मनांबरोबर ते बॉक्सर नावाच्या आठ चाकी गाडीवर काम करीत होते. बॉक्सरची युक्ती खरोखर चांगली : खालची गाडी एक, वरची पेटी बदलता येते, रुग्णांची काढा आणि शिपायांची बसवा. २००३ मध्ये ब्रिटिश त्यातून बाहेर पडले. जड आहे म्हणाले, आम्हांला विमानातून पटकन नेता येईल असे काहीतरी हवे. त्यांनी 'फ्रेस' नावाची स्वतःची योजना मांडली, तीन हजारांवर गाड्यांची. २००८ मध्ये त्यातल्या चाकांच्या गाडीसाठी एक नमुना निवडला आणि त्याच वर्षी सोडून दिला. फ्रेसचा डोलारा कोसळला. २०१८ मध्ये ब्रिटिश पुन्हा बॉक्सरच्या दारात उभे राहिले आणि पुढच्या वर्षी पाचशेंवर गाड्यांची मागणी नोंदवली. पंधरा वर्षांचा वळसा घालून मंडळी आपल्याच अंगणात आली.

फ्रेसच्या राखेतून पट्ट्यांवरची अ‍ॅजॅक्स निघाली. २०१४ मध्ये ५८९ गाड्यांचा करार, सहा प्रकार, साडेपाच अब्ज पौंड. नमुना स्पॅनिश-ऑस्ट्रियन एस्कॉड गाडीचा, पण तिच्यावर इतक्या मागण्या लादल्या की वजन चाळीस टनांकडे गेले. चाचण्यांत आवाज आणि थरथर एवढी की आत बसलेल्या सैनिकांच्या कानांवर परिणाम झाला. चाचण्या थांबवाव्या लागल्या. २०२५ च्या नोव्हेंबरात ती सेवेस सिद्ध झाल्याचे जाहीर झाले आणि त्याच महिन्यात एका सरावात सुमारे तीस सैनिक तिच्यात बसून आजारी पडल्याने तिचा वापर पुन्हा थांबवला गेला. सामाईक सांगाड्याचे भाट हे कधी सांगत नाहीत : भाग सामाईक असतात तशी खोटही सामाईक असते. एका गाडीची पेटी थरथरली की टेहळणीची थांबते, ओढगाडी थांबते, दुरुस्तीची थांबते. घरातल्या साऱ्यांना एकाच दिवशी पटकी व्हावी तसे.

"रशियाने करून दाखवले की!" हा दुसरा हुकमाचा पत्ता. काय करून दाखवले? ९ मे २०१५ ला मॉस्कोच्या लाल चौकात अरमाता कुटुंब संचलनात निघाले. टी-१४ रणगाडा, आणि त्याच सांगाड्याचे तोंड उलटे करून इंजिन पुढे आणलेली टी-१५ ही शिपायांची गाडी. रंगीत तालमीत एक रणगाडा तिथेच अडून बसला होता, ते जाऊ द्या. असे कोणाचेही होते. २०२० पर्यंत २,३०० रणगाडे करण्याचा बेत होता. २०२२ मध्ये युक्रेनशी युद्ध पेटले तेव्हा आघाडीवर कोण गेले? टी-७२, टी-८०, टी-९०, आणि पुढे गोदामातून धूळ झटकून काढलेले टी-५५ आणि टी-६२. २०२४ मध्ये रशियाच्या सरकारी शस्त्रउद्योगाचे प्रमुख चेमेझोव्ह यांनीच सांगितले की टी-१४ महाग आहे आणि सैन्याला त्यापेक्षा टी-९० घेणे सोपे. करून दाखवले ते हे.

पैशाचे नुकसान मी एक वेळ सोडून देतो. माझे खरे भांडण वेळेशी आहे. थोर कुटुंबाची वाट पाहण्याच्या काळात जुन्या गाडीत कोण बसते? फ्रेसच्या आशेवर ब्रिटिशांची सिमिटर, जिचे नाव मी वर घेतले, २०२३ पर्यंत राबत राहिली. आजोबांची गाडी नातवाने चालवली. आपल्याकडे बी.एम.पी.-२ च्या जागी नवी लढाऊ गाडी आणण्याच्या योजनेला २००९ मध्ये चालना मिळाली. सुमारे २,६०० गाड्या लागणार होत्या. कंपन्यांनी तंबू ठोकले, प्रस्ताव आले, परत गेले, नियम बदलले, पुन्हा प्रस्ताव आले. त्यानंतर दीड दशक उलटूनही यांत्रिक पायदळाची भिस्त बी.एम.पी.-२ वरच राहिली. माझा एक विद्यार्थी अशा गाडीचा ड्रायव्हर आहे. निबंधात नेहमी काठावर पास, पण शाळेचा पंप तोच दुरुस्त करायचा. मागच्या सुट्टीत भेटला तेव्हा म्हणाला, "गुरुजी, माझी गाडी माझ्यापेक्षा मोठी आहे." मला वाटले आकाराविषयी बोलतो. तो वयाविषयी बोलत होता. तिच्या मागच्या दारांत डिझेल भरलेले असते, हेही त्यानेच सांगितले. ज्या दारातून जीव वाचवून उडी मारायची त्या दारात तेल.

आणि तरीही ही बी.एम.पी.-२ माझ्या बाजूची साक्षीदार आहे. 'सरथ' या नावाने ती १९८७ पासून तेलंगणातल्या मेडकच्या कारखान्यात होऊ लागली. ती चालते हे कळल्यावर एकेक भावंड आले. जखमींसाठी गाडी झाली, उखळी तोफेची झाली, पाण्यातून जाणारा बुलडोझर झाला, विषारी वायू आणि किरणोत्सर्ग हुंगणारी टेहळणीगाडी झाली, नाग क्षेपणास्त्रे डागणारी 'नामिका' झाली. पहिल्या दिवशी हे कोणी लिहून ठेवले नव्हते. तसेच विजयंताचे. १९६५ पासून तामिळनाडूतल्या आवडीत हा रणगाडा होऊ लागला. पुढे त्याच्याच सांगाड्यावरून पूल टाकणारा 'कार्तिक' आला, आणि १३० मिलिमीटरची लांब पल्ल्याची रशियन तोफ त्या सांगाड्यावर चढवून 'कॅटापुल्ट' केली. कॅटापुल्ट पाहायला गबाळी. लांबवलेली पेटी, वर पत्र्याचे छत, तोफखान्याची माणसे उघड्यावर. कोणत्याही प्रदर्शनात तिला बक्षीस मिळाले नसते. पण ती तोफ पट्ट्यांवर चढून रणगाड्यांच्या मागोमाग वाळूतून जाऊ लागली, आणि सैन्याने तिला वर्षानुवर्षे वापरले.

अमेरिकनांनाही ठेच लागल्यावर हेच सुचले. एम-११३ च्या जागी त्यांनी जी नवी गाडी २०२३ पासून पलटणींना देण्यास सुरुवात केली, ती नव्याने कल्पिलेली नाही. १९८० च्या दशकापासून धावणाऱ्या ब्रॅडलीच्या सांगाड्यावरून केलेली आहे. पाच प्रकार आहेत, त्यांपैकी दोन वैद्यकीय : एक जखमींना आणणारी, दुसरी तिथल्या तिथे उपचार करणारी. आणि त्यांच्या एम-१०९ तोफेच्या नव्या आवृत्तीत तर पेटी वेगळी ठेवून फक्त इंजिन, गिअर आणि स्प्रिंगांचा भाग ब्रॅडलीशी सामाईक केला.

यात माझ्या टीकाकारांच्या सर्वांत चांगल्या प्रश्नाचे उत्तर आहे. ते विचारतात, "प्रत्येक कामाला निराळी गाडी गरीब देशाला परवडेल कशी?" अहो, पेटी निराळी असू द्या की! पेटी म्हणजे कापलेले आणि जोडलेले पोलाद. ती मिस्त्रीच्या फळीवर नसते. फळीवर इंजिनाचे भाग असतात, पट्ट्यांच्या कड्या असतात, बिनतारी यंत्राच्या बॅटऱ्या असतात, दुर्बिणी असतात. ते सामाईक करा. सुभेदाराचा त्रास तिथे वाचतो. रणगाड्याचे तोंड रुग्णवाहिकेला लावून तो वाचत नाही.

आणि हलका रणगाडा? २०१५ च्या अकरांतला तो दुसरा. २०२० मध्ये गलवानचा प्रसंग घडला, पूर्व लडाखमध्ये टी-७२ आणि टी-९० उभे करावे लागले, आणि डोंगरात हलका रणगाडा लागतो हे सगळ्यांना एकदम उमगले. मग कोणी थोरल्या भावाच्या जन्माची वाट पाहिली नाही. डी.आर.डी.ओ. आणि लार्सन अँड टुब्रो यांनी सुमारे पंचवीस टनांचा 'जोरावर' निराळा म्हणूनच बेतला, आणि जुलै २०२४ मध्ये गुजरातेत हजिऱ्याला तो चालवून दाखवला. त्याच्या चाचण्यांत जे काय निघायचे ते निघेल. पण गाडी डोळ्यांसमोर उभी राहिली ती कुटुंबातून फारकत घेतल्यावर.

आता आमच्या गावाकडचे. नगरच्या संशोधनसंस्थेने टाटांबरोबर एक आठ चाकी चिलखती गाडी तयार केली. २०१४ मध्ये ती 'केस्ट्रेल' या नावाने प्रदर्शनात आली. आता तिला 'व्हॅप' म्हणतात. इंजिन पुढे, दार मागे, पाण्यातही चालते. २०२२ च्या एप्रिलमध्ये तिच्या काही गाड्या पुण्यात भूदलाच्या हवाली झाल्या. केंद्रीय राखीव पोलीस दलाकडेही थोड्या गेल्या. मोरोक्कोच्या सैन्याने मात्र दीडशे मागवल्या, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये कॅसाब्लांकाजवळ बेरेशिद येथे टाटांचा कारखानाही सुरू झाला. आमच्या मुलांनी नगरच्या संस्थेच्या भिंतीबाहेरून पाहिलेली गाडी तिकडे आफ्रिकेत नांदायला निघाली.

तिच्याभोवतीही आता तेच भाट जमू लागले आहेत. हिच्यावर तोफ बसवा, हिच्यावर क्षेपणास्त्रे बसवा, हिचे दहा प्रकार करा. माझे म्हणणे इतकेच की आधी भूदलाने साधी, शिपाई नेणारी व्हॅप काहीशेंच्या संख्येने घ्यावी. तिला जैसलमेरच्या वाळूत, पंजाबच्या कालव्यांत आणि लेहच्या चढावर पाच वर्षे पळवावी. ड्रायव्हर काय म्हणतो ते वहीत लिहून घ्यावे, आणि ती वही कारखान्यातल्या साहेबाने स्वतः वाचावी. तोवर तिच्यावर दुसरे काही चढवू नये. चढवल्यावाचून राहवतच नसेल तर पहिली रुग्णवाहिका करावी. तिला बुरूज लागत नाही, आणि दार मागे आहेच.